थाट माळ्याचा, रंग मातीचा

चि. मनूस,


गेल्या वर्षी सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून तू हायड्रेंजियाची कुंडी आणलीस, तेव्हा त्याचा गुच्छ निळाशार होता. यंदा मोठ्या मुश्किलीने एक गुच्छ आला आणि तो निघाला फिकट गुलाबी. "नर्सरीवाल्याने गंडवलं," हा तुझा निकाल. "शाई पाजून विकतात हल्ली," हा तुझ्या बाबांचा. मला दोन्ही मान्य नाहीत. झाड तेच आहे आणि फुलात भेसळही नाही. माझी सगळी नोकरी मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली. शेतकरी पिशवीतून माती आणायचे आणि आम्ही तिचा सामू (म्हणजे पीएच), क्षार, चुनखडी मोजून अहवाल द्यायचो. तुझ्या गुच्छाने तुझ्या कुंडीचा अहवाल दिला आहे आणि तो बिनचूक आहे. कसा, ते लिफ्टमध्ये उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

आधी झाडाचं मूळ गाव. हायड्रेंजियाच्या जाती बऱ्याच आहेत. पूर्व आशियात आणि दोन्ही अमेरिका खंडांत त्या पसरल्या आहेत. पण आपल्याकडे कुंडीत येतो तो जपानचा. होन्शू बेटाच्या पॅसिफिक किनाऱ्याला, इझू द्वीपकल्पाच्या आणि जवळच्या बेटांच्या दमट हवेत ते झुडूप रानोमाळ वाढतं. जून महिन्यात तिकडे पावसाची झड लागते आणि त्याच दिवसांत ते फुलतं. म्हणजे ओल, सावली आणि मोकळी, पाणी न साठणारी माती ही त्याची जन्माची सवय. आपल्या मांजरी बुद्रुकच्या मे महिन्यात तुझ्या गॅलरीत ते दुपारी मान का टाकतं, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

रानातलं मूळ झाड समोर ठेवलं तर तू ते ओळखणार नाहीस. त्याला चेंडूसारखा गच्च गुच्छ नसतो. तुरा सपाट असतो. मधल्या भागात मोहरीच्या दाण्याएवढ्या असंख्य कळ्या असतात आणि त्या उमलल्या तरी लांबून काही दिसत नाही. तुऱ्याच्या कडेने मात्र मोजकी मोठी फुलं असतात. ती पाकळ्यांची वाटतात, पण त्या पाकळ्या नव्हेत. कळीला बाहेरून झाकणारी जी निदलं असतात, तीच रुंद होऊन रंगली आहेत. ही मोठी फुलं बहुतेक वांझ असतात. त्यांचं काम एकच, मधमाशीला आणि भुंग्याला लांबून दिसणं. कीटक त्यांना बघून येतो आणि मधल्या बारीक फुलांत शिरतो, कारण परागकण तिथे असतात आणि बीही तिथेच धरतं. गंमत पुढे आहे. मधल्या फुलांचं परागीभवन उरकलं की कडेची मोठी फुलं देठावर वळतात आणि जमिनीकडे तोंड करतात. हळूहळू त्यांचा रंग हिरवट, तांबूस होत जातो. काम झालं, आता उगाच कोणाला बोलवायचं नाही, असा सरळ व्यवहार.

माणसाला आवडली ती कडेची फुलं. रानात अधूनमधून असं एखादं झाड निपजतं की ज्याच्या तुऱ्यात जवळजवळ सगळीच फुलं मोठी आणि वांझ असतात. निसर्गात अशा झाडाचा वंश पुढे सरकत नाही, कारण बी धरत नाही. माळ्याने मात्र त्याचीच काडी घेतली, छाट कलम केलं, त्या कलमाचं पुन्हा कलम केलं आणि शतकानुशतकं ते चालू ठेवलं. थोडक्यात, रानात दुकान होतं आणि वर पाटी होती. बागेत दुकान बंद झालं, पाटी तेवढी मोठी झाली. तुझ्या गॅलरीत मधमाशी त्या गुच्छाकडे फारशी फिरकत नाही, हे तू स्वतःच सांगितलंस. तिला तिथे मिळण्यासारखं काही उरलेलंच नाही.

यात माळ्याने नवं काही घडवलं असं समजू नकोस. त्याने निवडलं. अमेरिकेत हायड्रेंजियाची दुसरी एक जात रानात वाढते. तिला पांढरे सपाट तुरे येतात. 1910 साली इलिनॉय राज्यातल्या ॲना गावाजवळ घोड्यावरून जाणाऱ्या एका बाईला त्याच जातीचं, पण मोठ्या गोल पांढऱ्या गुच्छाचं झाड रानातच दिसलं. तिने ते घरी आणून लावलं, शेजारीपाजारी वाटलं. 1960च्या दशकात ते 'ॲनाबेल' नावाने बाजारात आलं आणि आज थंड देशांतल्या बागाबागांतून दिसतं. चूक निसर्गाची, डोळा बाईचा, कात्री माळ्याची. बागेतल्या बहुतेक फुलांचा इतिहास असाच आहे.

जपानी झाड युरोपात गेलं तेही आधी माळ्याच्या हातचं. त्या काळी जपानने परदेशी लोकांना दार बंद केलेलं होतं. युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर राहू देत. तिथे 1775 साली कार्ल पीटर थुनबर्ग हा स्वीडनचा वैद्य पोचला. त्याने जपानच्या वनस्पतींवर 1784 साली जो ग्रंथ काढला, त्यात या झाडाचं वर्णन आहे, फक्त त्याने ते भलत्याच कुळात घातलं. 1789 साली इंग्लंडचे निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांच्यामार्फत चीनमधल्या बागेतलं एक रोप लंडनच्या क्यू बागेत आलं. पुढे 1823 साली फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड हा जर्मन वैद्य देजिमावर आला आणि त्याने एका हायड्रेंजियाला आपल्या जपानी सहचरीचं, ताकीचं, नाव दिलं. या दोघांची मुलगी कुसुमोतो इने पुढे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली जपानमधली पहिली स्त्री डॉक्टर म्हणून नावाजली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात असा संसार दडलेला असतो, म्हणून ती पुस्तकं मला कधी कोरडी वाटली नाहीत.

आता तू म्हणशील, आजोबा, जपानचं रान मी कुठे बघणार? बघायची गरज नाही. हीच युक्ती आपल्या सह्याद्रीत आहे. पावसाळ्यात ताम्हिणीला किंवा भीमाशंकरला गेलीस की रस्त्याच्या कडेला, झाडोऱ्यात एक झुडूप हमखास दिसेल. हिरव्या पानांत मधूनच पांढरीशुभ्र पानं लटकलेली असतात आणि त्यांच्यालगत बोटाच्या पेराएवढी केशरी फुलं. हे भुतकेस. काही भागांत त्याला शेरवड म्हणतात. ते कॉफीच्या कुळातलं, हायड्रेंजियाशी त्याचं दूरचंही नातं नाही. पण जवळ जाऊन एक झुबका हातात धर. केशरी फूल खरं फूल आहे, नळीसारखं लांबट. त्याच्या बुडाशी पाच निदलं असतात. त्यातली चार जेमतेम दिसतील अशी, बारीक टोकदार. पाचवं मात्र देठ फुटून तळहाताएवढं पसरलेलं आणि पांढरं. आणि झुबक्यातल्या प्रत्येक फुलाला ते नसतं, दोनचार फुलांनाच असतं. तेवढ्यावर काम भागतं. फुलपाखरं येतात, केशरी नळीत सोंड घालतात. कमांडर नावाच्या फुलपाखराच्या अळ्या तर याच झुडपाची पानं खाऊन वाढतात. म्हणजे एकाच झाडावर पाटीही आहे, दुकानही आहे आणि मागे कोणाचं तरी राहतं घरही.

आणि आता आपल्या सोसायटीच्या फाटकाशी ये. तिथे डावीकडे फिकट गुलाबी गुच्छांनी लवलेली झुडपं आहेत. माळी त्यांना 'मुसांडा' म्हणतो. ती भुतकेसाचीच बागेतली बहीण. तिच्यात एक निदल मोठं नसतं, पाचही मोठी होतात आणि फूल त्यांत हरवून जातं. याची सुरुवात फिलिपिन्समधली. 1930च्या सुमारास मकिलिंग डोंगराच्या परिसरात तिथल्या मुसांडाचं असं पाचही निदलं पांढरी असलेलं झाड सापडलं. मान्युएल केझॉन यांच्या पत्नीच्या नावावरून त्याला 'दोन्या अरोरा' म्हणू लागले. केझॉन पुढे तिथले राष्ट्राध्यक्ष झाले. त्या झाडापासून संकर करून गुलाबी, शेंदरी प्रकार काढले आणि ते जगभर गेले. जपानच्या झाडात जे घडलं तेच फिलिपिन्सच्या झाडात घडलं. दोन कुळं, दोन देश, माणसाची आवड मात्र एकच. तेव्हा ताम्हिणीचं भुतकेस आणि फाटकावरचा मुसांडा दोन्ही नीट बघितलेस, तर रानातला आणि बागेतला हायड्रेंजिया तू बघितल्यासारखाच आहे.

थाटाचं हे असं झालं. आता रंगाकडे येऊ, कारण तुझी तक्रार रंगाची आहे.

शाळेत जास्वंदाच्या पाकळ्यांच्या रसाचा प्रयोग तू केला असशील. लिंबू पिळलं की रस लालभडक होतो, खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. त्या हिशेबाने आम्ल मातीत हायड्रेंजिया लाल व्हायला हवा आणि अल्कलीच्या मातीत निळा. होतं नेमकं उलटं. मातीचा सामू साडेपाचच्या खाली असेल तर गुच्छ निळा येतो, साडेसहाच्या वर गेला की गुलाबी, आणि मधल्या पट्ट्यात जांभळट किंवा दोन्हींची सरमिसळ. याचं कारण असं की मातीतलं आम्ल फुलापर्यंत जातच नाही. जातं ते ॲल्युमिनियम. फुलात डेल्फिनिडिन गटातलं एक रंगद्रव्य असतं, ते एरवी गुलाबी-तांबडं दिसतं. मुळांनी ॲल्युमिनियम ओढून घेतलं आणि ते निदलांत पोचलं की ते या रंगद्रव्याला आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्या एका संयुगाला धरून बसतं आणि तिघांचा मिळून रंग निळा होतो. ही रंगद्रव्यं काही परकी नाहीत. काळ्या द्राक्षाच्या सालीत हेच ॲन्थोसायनिनचं कुटुंब असतं. आपल्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने काढलेल्या 'मांजरी मेडिका' या वाणाच्या रसाचा गडद रंगही त्यांचाच. आणि ज्या हायड्रेंजियात हे द्रव्यच नसतं तो पांढरा. त्याला कोणतीही माती द्या, तो पांढराच राहतो.

मग मांजरीच्या मातीत ॲल्युमिनियम नाही का? भरपूर आहे. मातीच्या चिकण कणांत ते ठासून भरलेलं असतं. पण सामू सातच्या वर असला की ते विरघळत नाही, मुळांच्या हाती लागत नाही. सामू साडेपाचच्या खाली आला की ते सुटं होतं. आणि आपल्या काळ्या मातीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ. इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेव. महाबळेश्वरची तांबडी माती आणि मांजरीची काळी माती एकाच खडकाची लेकरं आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचून जो बेसॉल्ट झाला, तोच दोन्हीकडे खाली आहे. फरक केला पावसाने. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो. तो लाखो वर्षं खडकातला चुना आणि सिलिका धुऊन नेत राहिला आणि मागे उरले लोह आणि ॲल्युमिनियम. तो जांभा, ती तांबडी आम्ल माती. पुण्याचा पाऊस सातशे मिलीमीटरच्या आसपास आणि हडपसर-मांजरीकडे तो आणखी कमी होत जातो. एवढ्या पावसात चुना वाहून जात नाही, तो थोडा खाली झिरपतो आणि तिथेच खडे धरून बसतो. म्हणून पाचगणी-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात तांबड्या मातीतला हायड्रेंजिया निळ्या-जांभळ्याकडे झुकतो आणि तेच रोप मांजरीत जमिनीत लावलं तर गुलाबी होतं.

हे तुला घरबसल्या पडताळता येईल. मांजरीत पायाखोदाई कुठे ना कुठे चालूच असते. खड्ड्याच्या कडेला उपसून टाकलेल्या मातीत काळ्या ढेकळांखाली पांढरट, ओबडधोबड, वाटाण्या-हरभऱ्याएवढे खडे असतात. एक खडा घरी आण, बशीत ठेव आणि त्यावर लिंबाचे चार थेंब पिळ. खड्याच्या अंगावर बारीक बुडबुडे येतील, कानाशी धरलंस तर चुरचुर ऐकू येईल. ती चुनखडी. प्रयोगशाळेत आम्ही तिची टक्केवारी काढायचो, पण ती आहे की नाही एवढं लिंबूही सांगतं.

तू म्हणशील, माझ्या कुंडीत तर लाल माती आहे. असेल. पण पाणी कोणतं घालतेस? बोअरचं. कुंडीच्या काठावर आणि खालच्या ताटलीत जो पांढरा थर बसतो, तो त्या पाण्यातला चुना आणि क्षार. पाणी उडून जातं, चुना कुंडीत राहतो. शिवाय आपली कुंडी सिमेंटची आहे. नर्सरीत ते रोप बहुधा कोकोपीटमध्ये, ॲल्युमिनियमचं खत घालून निळं केलेलं होतं. तुझ्याकडे आल्यापासून रोजच्या तांब्याभर पाण्याने त्याच्या मातीचा सामू चढत गेला. आणि आपल्या पोडियमवरच्या बागेचं विचारूच नकोस. वर दिसायला लाल माती, खाली बांधकामाचा राडारोडा, प्लास्टरची खपली, सिमेंटचा चुरा. त्या वाफ्यात निळा गुच्छ येणं कठीण आहे.

निळाच हवा असेल तर काय करायचं, ते ओळीने सांगतो. सिमेंटच्या कुंडीऐवजी प्लास्टिकची किंवा चांगली भाजलेली मातीची कुंडी घे, एक फुटापेक्षा खोल. त्यात कोकणातली किंवा घाटमाथ्यावरची तांबडी माती, धुतलेलं कोकोपीट आणि कुजलेल्या पानांचं खत समप्रमाणात घाल. काळी माती आणि पोयटा नको. हाडांचं खत आणि सुपर फॉस्फेट अजिबात नको, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला मातीतच अडकवून ठेवतो आणि गुच्छ पुन्हा गुलाबीकडे जातो. ॲल्युमिनियमसाठी लांब जायला नको. किराणा दुकानात मिळणारी तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. गढूळ पाण्यात आपण ती फिरवतो, तीच. कळ्या दिसण्याच्या बऱ्याच आधीपासून, लिटरभर पाण्यात दोन चिमटी पूड विरघळवून पंधरवड्यातून एकदा घाल. त्या वेळी माती आधी ओली असू दे. जास्त घातलीस तर मुळं जळतील. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हाळीखाली पिंपं भरून ठेव, ते पाणी या झाडाला सगळ्यांत गोड.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर घाबरू नकोस. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मिळत नाही, त्याची ती खूण. आपले ऊसवाले त्याला 'केवडा पडला' म्हणतात. मांजरीत 1975 सालापासून उसावर काम करणारी एवढी मोठी संस्था उभी आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. तिच्या आसपासच्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला विचार, तो हिराकशीची फवारणी सांगेल. तुलाही तेच. अगदी पातळ द्रावण, संध्याकाळी, पानांवर.

आता गुच्छ कमी का आले? त्याचं उत्तर तुझ्या कात्रीत आहे. फेब्रुवारीत तू झाड "नीटनेटकं" केलंस. या हायड्रेंजियाची फुलकळी आदल्या हंगामातल्या काडीच्या टोकात, रात्री गार पडू लागल्या की आतल्या आत तयार होते. बाहेरून काही दिसत नाही. द्राक्षबागाइतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. एप्रिल छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि घड दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर, हे त्याला पाठ असतं. तसंच इथे. छाटायचं तर गुच्छ सुकल्यावर लगेच, तेही गुच्छाखालच्या पहिल्या जोमदार डोळ्याच्या जोडीपर्यंत. पाऊस सरल्यावर कात्री बंद. हिवाळ्यात कुंडी घरात घेऊ नकोस, रात्रीचा गारवा त्याला हवा आहे. मांजरीची थंडी डोंगरावरच्या इतकी लांबत नाही, दुपारी ऊन तापतं, म्हणून इथे गुच्छ मोजकेच येणार हे धरून चाल. जागा पूर्वेची. सकाळचं दोन तास ऊन, मग सावली. एप्रिल-मेत हिरव्या शेडनेटखाली. दुपारी मान टाकली म्हणून लगेच पाणी ओतू नकोस. आधी मातीत बोट घाल. ओली असेल तर संध्याकाळपर्यंत थांब, झाड आपणहून उभं राहील. आणि तुमच्या घरच्या मांजराला पानं चघळू देऊ नकोस, ती विषारी असतात.

एवढं सगळं केलंस तर निळा गुच्छ येईल. पण दर वर्षी हे करावं लागेल. एखाद्या वर्षी सोडलंस की पुन्हा गुलाबी. माणसाने या झाडाचा आकार मनासारखा करून घेतला, रंग मात्र अजून मातीच्याच ताब्यात आहे. गुलाबी गुच्छ हा मांजरीच्या मातीचा खरा रंग आहे. मी असतो तर तोच ठेवला असता.

शेवटी रानाबद्दल थोडं. सह्याद्रीत रानटी हायड्रेंजिया नाही. आपल्या देशात तो बघायचा तर हिमालयात. कधी उत्तराखंडला किंवा सिक्कीमला ट्रेकला गेलीस, तर दोनेक हजार मीटरच्या वर, ओकच्या जंगलात पांढऱ्या सपाट तुऱ्यांची लहान झाडं शोध. डेव्हिड डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1825 साली त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं. झाडांच्या खोडांवर चढणारी हायड्रेंजियाची वेलही तिथेच आहे. पूर्व हिमालयात याच गोतावळ्यातलं एक झुडूप आहे, निळ्या फळांचं. चिनी वैद्यकात ते फार जुन्या काळापासून हिवतापावर वापरतात. पूर्वी त्याची प्रजाती वेगळी मानत. जनुकांचा अभ्यास झाल्यावर 2015 साली संशोधकांनी त्यालाही हायड्रेंजियात घेतलं. जपानच्या डोंगरातल्या एका भावंडाच्या पानांचा तर गोड चहा करतात आणि 8 एप्रिलला बुद्धजयंतीला तो बाळबुद्धाच्या मूर्तीवर ओततात. हे सगळे रानातले आहेत, सपाट तुऱ्याचे, दुकान चालू असलेले.

बागेतलं झाड रानात गेलं की काय होतं, तेही ऐक. अटलांटिकमध्ये पोर्तुगालची अझोर्स बेटं आहेत. तिथली ज्वालामुखीची माती आम्ल, हवा दमट. गुरं खात नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी कुरणांच्या बांधांवर हायड्रेंजियाची कुंपणं केली. फायाल बेट तर 'निळं बेट' म्हणूनच प्रसिद्ध झालं. पर्यटक फोटो काढतात, पण तिथल्या मूळ जंगलात आता हेच झुडूप घुसखोर ठरलं आहे. गुच्छाला बी धरत नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, ओलीत पडलेली काडीसुद्धा मूळ धरते. आपल्याला हा धडा नवा नाही. घाणेरीही एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणूनच भारतात आली होती. आज पुण्याच्या टेकड्यांवर तिच्यातून वाट काढावी लागते.

म्हणून तुला दोन गोष्टी सांगतो. हायड्रेंजिया हौसेने वाढव, पण कुंडीत. छाटलेल्या काड्या मांजरीतल्या नदीकाठी किंवा सहलीला जाशील त्या घाटात कधीही टाकू नकोस. आणि सोसायटीच्या बागेसाठी पुढच्या बैठकीत तुझं मत विचारतील, तेव्हा विलायती गुच्छाच्या यादीत एक नाव भुतकेसाचं घाल. रोप रानातून उपटून आणायचं नाही, देशी झाडांच्या नर्सरीतून मागवायचं. श्रीकांत इंगळहळीकर यांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे 2001 सालचं पुस्तक माझ्या कपाटात आहे, ते घेऊन जा. बैठकीत कोणी विचारलंच की या झाडात बघण्यासारखं काय आहे, तर सांग की याच्यावर फुलपाखरं येतात, मुसांड्यावर येत नाहीत तेवढी.

बाबांना नमस्कार सांग. शाई कोणी पाजलेली नाही, हेही सांग.

तुझे,
आजोबा
मांजरी बुद्रुक, पुणे